दयेचे माप

महाडास पूर येणे ही नवलाची गोष्ट नव्हे. सावित्री महाबळेश्वरी उगम पावून पोलादपुरावरून खाली उतरते. गांधारी आणि काळ ह्या नद्यांचे पाणी तिला महाडाच्या परिसरात येऊन मिळते. वर घाटमाथ्यावर संततधार लागली आणि खाली बाणकोटच्या खाडीतून भरती चढू लागली, म्हणजे मध्ये सापडलेल्या बाजारपेठेने आपला माल माळ्यावर चढवावा, हा तेथला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. परंतु २२ जुलै २०२१ चा दिवस ह्या परिपाठात बसणारा नव्हता. शहर पाण्यात असतानाच त्या सायंकाळी तळिये गावच्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी येथेही दरडींनी बळी घेतले. महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते ही गावे २००५ च्या जुलैत अशीच उद्ध्वस्त झाली होती. तेव्हाचे दुःख ज्यांना आठवत होते त्यांच्याच डोळ्यांदेखत हे दुसरे घडले.

मागाहून मदत आली. ती उदंड आली, मनापासून आली, आणि ती आली नसती तर काय झाले असते ह्याची कल्पना करवत नाही. ठाणे, नवी मुंबई येथील महापालिकांनी स्वच्छतेची पथके पाठविली; त्यांनी गल्ल्यांतला गाळ उपसला, आणि फावडे हे सुद्धा दानाचे साधन असू शकते हे लोकांस दिसले. परंतु जी मदत आपल्यासारख्या घरांतून निघते, म्हणजे वर्गणी काढून, ट्रक भरून, फलक लावून जाते, तिच्याविषयी आम्हांस येथे काही लिहावयाचे आहे. ते लिहिताना काही सज्जनांची मने दुखावतील हे आम्ही जाणतो. त्यांत आमचे स्वतःचेही मन आहे.

अशा ट्रकाचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा. तो महामार्गाने येतो, कारण रस्ता तोच मोकळा असतो. महामार्गालगतच्या वस्तीत तो थांबतो, कारण लोक तेथे दिसतात. आदल्या दिवशी आलेला ट्रकही ह्याच दोन कारणांनी तेथेच थांबलेला असतो. आणि ज्या वाडीकडे जाणारी वाट दरडीखाली गेली आहे, जेथे जाण्यास दोन तास चालावे लागेल, तेथे कोणीच जात नाही. कारण जो दिसत नाही त्याची दया येत नाही. ट्रकातून काय उतरते तेही पाहावे. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटे, आणि घरातील कपाटे रिकामी करताना निघालेले कपडे. ज्या म्हातारीने जन्मभर नऊवारी नेसली तिच्या हाती त्या गाठोड्यातून काय यावे, हे आम्ही सांगत नाही. २००४ च्या सुनामीनंतर तामिळनाडूच्या किनाऱ्यावर अशा नकोशा कपड्यांचे ढीग रस्त्याकडेस पडून राहिले होते. ज्यांचे सर्वस्व वाहून गेले त्यांनी वस्त्र नाकारावे, ह्याचे पुष्कळांस नवल वाटले. काहींस रागही आला. त्या रागाचा शोध घेतला पाहिजे. दिलेले नाकारले गेले असता ज्यास राग येतो, त्याने ते नेमके कोणासाठी दिले होते?

पाश्चात्त्य देशांतील मदतसंस्थांस हा प्रश्न फार दारुण रीतीने पडला. १९९४ साली रवांडातील हत्याकांडानंतर लक्षावधी निर्वासित गोमा येथे जमले. मदतीस संस्था पुष्कळ गेल्या, पैसाही गेला, तरी पटकी आणि अतिसार ह्यांनी काही आठवड्यांत हजारो माणसे मेली. त्यांतील पुष्कळ मरणे टळण्याजोगी होती, असा निर्वाळा पुढे झालेल्या परीक्षणाने दिला. सद्भाव होता, परंतु पाणी किती, शौचकूप किती, कोणी कोठे काम करावयाचे, ह्यांचा मेळ नव्हता. त्यातून १९९७ साली स्फिअर ह्या नावाचा उपक्रम निघाला आणि २००० साली त्याची मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध झाली. २०१८ साली तिची चौथी आवृत्ती निघाली. तिच्यात मापे आहेत. माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी, म्हणजे मोठ्या हंड्याभर. माणशी साडेतीन चौरस मीटर छपराखालील जागा, म्हणजे एक खाट आणि तिच्याभोवती वावरण्यापुरती भुई. प्रारंभीच्या धांदलीत पन्नास जणांस एक आणि मग लवकरच वीस जणांस एक शौचकूप. आणि त्यास आतून कडी. ही कडी आम्हांस फार मोलाची वाटते. शाळेच्या खोल्यांत पाच-पन्नास कुटुंबे कोंबलेली असता रात्री बाहेर जाण्यास धजत नाही म्हणून सायंकाळपासून पाणीच न पिणारी बाई ज्याने एकदा पाहिली आहे, त्यास ती कडी त्या पुस्तिकेत कोणी आणि का लिहिली असेल हे सांगावे लागत नाही.

येथे आमचा वाचक म्हणेल की, हे सर्व ठीक. पण दयेस माप लावणे हेच मुळी निर्दयपणाचे नव्हे काय? आई का लेकरास मोजून वाढते? आम्ही म्हणतो, मोजून वाढते. घरात भाकरी चार आणि तोंडे सात असली म्हणजे आईसारखा काटेकोर मापारी नाही. कोण आजारी, कोण लाजाळू, कोण भूक लपवितो, हे ती जाणते, आणि त्या मानाने तुकडे करते. भरल्या घरातच माप लागत नाही. शिवाय आई लेकरास ओळखते; आपण तळिये आणि केवनाळे ह्यांस ओळखत नाही. ओळखीची उणीव मापाने थोडीबहुत भरून निघते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

तथापि ह्या आक्षेपात एक खरे भय दडलेले आहे, आणि आमच्याच इतिहासाने ते खरे ठरविले आहे. सर रिचर्ड टेंपल ह्यांनी १८७४ साली बिहारच्या दुष्काळात सढळ हाताने तांदूळ आणविला आणि लोक वाचविले. त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका त्यांच्या माथी आला. तीनच वर्षांनी दक्षिणेत दुष्काळ पडला तेव्हा तेच गृहस्थ खडी फोडणाऱ्या मजुरास दिवसाकाठी एक पौंड धान्य व वर किरकोळ रोख एवढे पुरे, असे माप घेऊन आले. १८७७ च्या आरंभी मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्या मजुरीवर कामास जाण्याचे नाकारले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. हेही मापच होते, आणि ते शास्त्राच्या नावाने लावलेले होते. मग त्या पौंडात आणि ह्या १५ लिटरांत फरक तो कोणता?

आमच्या मते फरक असा की, टेंपलसाहेबांचे माप हे छप्पर होते आणि हे माप जमीन आहे. ह्याच्या वर देऊ नये, असे ते सांगे. ह्याच्या खाली जाऊ देऊ नये, असे हे सांगते. एक तिजोरीच्या रक्षणासाठी होते, दुसरे माणसाच्या. परंतु केवळ हेतूवर विसंबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही, कारण हेतू बदलतात. बिहारचे टेंपल आणि दक्षिणेचे टेंपल एकच होते. खरी गोष्ट ही की, माप कोणाच्या हाती आहे ह्यावर त्याचा धर्म ठरतो. दात्याच्या हातचे माप आकसत जाते. घेणाऱ्यास ते ठाऊक असेल, तो ते दाखवून मागू शकत असेल, तरच ते जमिनीचे काम करते.

हे ओळखणारे लोक आमच्याकडे फार पूर्वी होऊन गेले. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ-संहिता तयार झाली. ती इंग्रजीत होती आणि कचेऱ्यांत होती. १८९६ च्या दुष्काळात सार्वजनिक सभेच्या माणसांनी तिच्यातील कलमे मराठीत छापून खेडोपाडी नेली आणि शेतकऱ्यांस सांगितले की, सूट आणि काम ही सरकारची मेहरबानी नव्हे, हा लिहिलेला नियम आहे. त्यांनी धान्याचे पोते नेले नाही, एक कागद नेला. सरकारला तो कागद किती झोंबला हे पुढील वर्षी सभेची मान्यता काढून घेण्यात आली ह्यावरून कळते. धान्य वाटणाऱ्यावर सरकार सहसा रागावत नाही.

आणि नियम लिहून झाला म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांस महाडाइतकी चोख साक्ष अन्यत्र मिळणार नाही. मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली सी. के. बोले ह्यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस मोकळे झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली त्यास अनुसरून चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तीन वर्षे तो ठराव दप्तरात राहिला, आणि ज्यांच्यासाठी तो होता त्यांपैकी कोणाच्या ओंजळीत तळ्याचा थेंब पडला नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्यासह हजारो माणसे तळ्याच्या पायऱ्या उतरली, तेव्हा तो ठराव ठराव झाला. आणि तरीही त्यांच्यावर हल्ला झाला, तळे ‘शुद्ध’ करण्यात आले, आणि न्यायालयाचा अखेरचा निकाल १९३७ साली लागला. पुरानंतर महाडात टँकर उभा राहिला म्हणजे कोणती आळी आधी आणि कोणती शेवटी, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस निव्वळ सोयीचा वाटत नाही. मदत गरजेच्या क्रमानेच द्यावी, जात, धर्म, पक्ष पाहू नये, असे रेडक्रॉस व अन्य संस्थांनी १९९४ साली केलेल्या आचारसंहितेत आहे. भेद करावा असे कोणी म्हणत नाही. परंतु ट्रक ज्याच्या अंगणात थांबतो तो गावचा पुढारीच असतो, यादी त्याच्याच ओसरीवर होते, आणि आदिवासीवाडी यादीच्या शेवटी येते. ह्यास कोणाचा दुष्टपणा लागत नाही, नुसता परिपाठ पुरतो.

ह्या विवेचनास एक अपवाद आम्ही आनंदाने मान्य करतो. पुराच्या रात्री ज्या तरुणांनी होड्या आणि दोर घेऊन घरांच्या गच्चीवरून माणसे उतरविली, जे ढिगाऱ्याकडे चिखल तुडवीत गेले, त्यांस कोणी पुस्तिका दाखवू नये. पहिल्या प्रहरात माप नसते. माप लागते ते तिसऱ्या दिवशी, जेव्हा वर्तमानपत्रे पुढे सरकतात आणि कळवळा ओसरू लागतो. आणि त्याहून अधिक तिसऱ्या वर्षी. तळियेची घरे बांधण्याचे म्हाडाने पत्करले, परंतु तोवर तेथील काही कुटुंबांस कंटेनरच्या खोल्यांत दिवस काढावे लागले. जुलै २०२३ मध्ये ह्याच जिल्ह्यात इर्शाळवाडी गाडली गेली, आणि वाचलेल्यांच्या वाट्यास पुन्हा कंटेनरच आले. साडेतीन चौरस मीटरांचे गणित ‘तात्पुरत्या’ निवाऱ्याचे आहे. तात्पुरता म्हणजे किती पावसाळ्यांचा, हे घेणाऱ्याने विचारावयाचे असते, आणि विचारावे कोणास हेच त्यास बहुधा ठाऊक नसते.

तेव्हा आपल्या वर्गणीतून ह्या खेपेस काय घ्यावे असे कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही प्रथम रंगाचा एक डबा आणि कुंचला सुचवू. पावसाळ्यापूर्वी महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील दरडीखालच्या प्रत्येक वाडीत, शाळेच्या किंवा समाजमंदिराच्या भिंतीवर, ठळक मराठीत लिहावे: माणशी पाणी किती, जागा किती, शौचकूप किती, त्यास कडी हवी, यादी सर्वांसमक्ष वाचली जाईल, विचारल्यावाचून कोणाचे छायाचित्र काढले जाणार नाही. आणि खाली, गाऱ्हाणे ज्याच्याकडे न्यावयाचे त्या अधिकाऱ्याचे नाव व दूरध्वनी क्रमांक. हा भाग मात्र खडूने, कारण अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात.