बेटावरची जनावरे आणि आपले ऋण

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड येथे राहणाऱ्या कुटुंबांस ‘आपण बेटावर राहता’ असे सांगितले, तर पुष्कळांस ती थट्टा वाटेल. परंतु उत्तरेस वसईची खाडी व उल्हास नदी, पूर्वेस ठाण्याची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र आणि दक्षिणेस एके काळी माहीमची खाडी, अशा पाण्याने वेढलेले साष्टी हे बेटच होय. १८४५ मध्ये लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून माहीमचा बांध झाला, १८५४ मध्ये ठाण्याच्या खाडीवरून आगगाडी पलीकडे गेली, आणि पुढे आपल्या बेटपणाची आठवण हळूहळू पुसली गेली. बेटावर जनावर पाळणाराचे कर्तव्य काय, हा प्रश्न म्हणूनच आम्हांस परका वाटत नाही. तो दुधाच्या रतिबाबरोबर रोज सकाळी आपल्या दाराशी येतो.

प्रथम खरोखरीच्या एकाकी बेटाची कल्पना करून पाहावी. एक कुटुंब आहे. त्याच्यापाशी लहानशी जमीन, एक घोडा, दोन गाई, चार कोंबड्या आहेत. बोट आठवड्यातून एकदा येते. तेथे घोडा लंगडा झाला तर त्याला विकावयास बाजार नाही. गाय भाकड झाली तरी ती डोळ्यांसमोरच उभी राहते. धन्याने तिला वैरण घालावी, अथवा स्वतःच्या हाताने तिचा शेवट करावा. दोहोंपैकी काहीही केले तरी आपण काय करीत आहो हे त्याला कळते. दुसऱ्या कोणावर ते ढकलण्याची सोयच तेथे नसते.

आता आपल्या बेटाकडे वळावे. शहरातील कोंदट तबेल्यांतून म्हशींस बाहेर काढून मोकळ्या जागी ठेवावे, या हेतूने १९४९ मध्ये गोरेगावजवळ आरे येथे दुग्धवसाहत उभी राहिली. योजना स्तुत्य होती. म्हशींस हवा मिळाली, शहरास दूध मिळाले. परंतु म्हैस काही बारमाही वाहणारी नदी नव्हे. ती सुमारे दहा महिने गाभण असते, व्यायल्यावर साधारण तितकेच दिवस दूध देते, आणि मग आटते. महाग वैरणीच्या या बेटावर भाकड म्हैस पोसणे तबेलेवाल्यास परवडत नाही, म्हणून ती पुष्कळदा खाडीपलीकडे जाते: कधी एखाद्या गावी, कधी कसायाकडे. नर रेडकू तर आरंभापासूनच नकोसे असते. कारण ते दूध पिते, देत मात्र नाही. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखी वेद वदविले तो रेडाच होता, ही कथा आपण मुलांस भक्तिभावाने सांगतो. त्याच मुलांच्या पेल्यातील दुधासाठी कोणते रेडकू उपाशी राहिले, हे मात्र आपण विचारीत नाही.

कायद्यानेही येथे आपणांस एक सोयीची रेषा आखून दिली आहे. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईस आणि २०१५ च्या दुरुस्तीने बैल व वळूस कत्तलीपासून संरक्षण मिळाले. म्हशीस ते मिळाले नाही. या कायद्याच्या युक्तायुक्ततेचा वाद आम्ही येथे मांडीत नाही. गाईविषयी पूज्यभाव बाळगून म्हशीचे दूध पिणाऱ्या घरास हा भेद खटकत कसा नाही, एवढेच आम्हांस नवल वाटते.

घोड्याची कथा थोडी वेगळी आहे. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ हौसेखातर चालणाऱ्या घोडागाड्या बेकायदा ठरविल्या आणि वर्षभरात त्या बंद करण्यास सांगितले. डांबरी रस्त्यावर दिवसभर राबणाऱ्या त्या घोड्यांचे हाल ज्यांनी पाहिले, त्यांस हा निर्णय योग्यच वाटेल, आम्हांसही वाटतो. परंतु घोडा पंचवीस वर्षे जगू शकतो. गाडीतून सुटल्यावर त्याच्या उरलेल्या वर्षांची वैरण कोणी घालावयाची? ‘क्रूरता थांबली’ म्हणून समाधान मानणारा सुशिक्षित मनुष्य हा प्रश्न सहसा त्या गरीब गाडीवानावर सोडून देतो. दया आपली आणि तिचा खर्च दुसऱ्याचा, अशी ही वाटणी आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘निरुपयोगी जनावर पोसणे ही श्रीमंतांची चैन, गरिबाने ते कोठून करावे?’ आक्षेप खरा आहे, आणि म्हणूनच आम्ही दोष तबेलेवाल्यास देत नाही. १८३२ मध्ये मोकाट कुत्र्यांच्या हत्येवरून मुंबईत दंगल झाली. त्यानंतर १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने पांजरापोळ निघाली. काम संपलेल्या जीवाचे ऋण संपत नाही, आणि ते एकट्या धन्याने नव्हे तर समाजाने फेडावयाचे असते, हे त्या व्यापाऱ्यांस कळले होते. आपल्या दुधाच्या भावात म्हशीच्या भाकड महिन्यांचा आणि रेडकाच्या घोटाचा हिशेब धरलेला नसतो. दूध आपणांस परवडते ते त्यामुळेच.

आमचे म्हणणे इतकेच आहे. आपण जनावराला दावणीस बांधतो, तेव्हा त्याचे सर्व मार्ग बंद करतो. आणि जितके मार्ग बंद केले, तितकी आपली जबाबदारी वाढते. हे ज्यास पटेल त्याने दुधास अधिक मोल द्यावे, पांजरापोळीस नियमाने काही द्यावे, अथवा दूध कमी घ्यावे. आम्हीही याच रतिबाच्या दुधावर वाढलो आहो. तेव्हा हा उपदेश प्रथम आम्हांसच लागू आहे. ठाण्याच्या पुलावरून भाकड म्हशींचा ट्रक पलीकडे जातो, तेव्हा त्या आपल्या बेटावरून जातात. आपल्या हिशेबातून जात नाहीत.