रथ कुठे असतो?

गेल्या खंडेनवमीला पाने, जॅक, टॉर्क रेंच धुऊन पाटावर मांडले होते. हळदकुंकू वाहून होतंय तोवर ओळखीतला एक मुलगा दारात येऊन उभा राहिला. पुण्यात आयटीत नोकरी करतो. म्हणाला, "काका, थोडे पैसे साठलेत. आत्ताच्या गाड्यांतली कुठली घेऊन ठेवू, जी तीस वर्षांनी लोक क्लासिक म्हणून शोधत येतील?" कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षं मी गाड्या उघडतोय, त्यामुळे उत्तर जिभेवर असायला हवं होतं. नव्हतं. त्याच्या हातावर पेढा ठेवला आणि बस म्हटलं. गाडी ठेवायची म्हणजे नेमकं काय ठेवायचं, हेच आधी ठरवावं लागतं.

मला हे कोडं एका प्रीमियर पद्मिनीने घातलं होतं. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, हँडलला गिअर असलेली. मालक निवृत्त गुरुजी. तिचा तळाचा पत्रा कापून आम्ही नवा जोडला. पिस्टन-रिंग नवे घातले, वायरिंग पहिल्यापासून ओढलं, सीटा शिवून घेतल्या, रंग खरवडून पुन्हा मारला. काम संपलं तेव्हा गॅरेजच्या कोपऱ्यात काढलेल्या सामानाचा ढीग होता, जवळजवळ दुसरी गाडीच. गुरुजींनी आधी ढिगाकडे पाहिलं, मग गाडीकडे, आणि हळू आवाजात विचारलं, "यातली माझी कुठली?"

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन यवन राजा मिलिंदाला असंच अडवतो. राजा रथात बसून आलेला. नागसेन विचारतो, दांडी म्हणजे रथ का? आस? चाकं? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणत जातो. सगळे भाग एकत्र म्हणजे रथ का, तर तेही नाही. ते सोडून वेगळा रथ आहे का, तर तोही नाही. शेवटी राजाच सांगतो, या भागांच्या आधाराने 'रथ' हे नाव चालतं. रोज गाड्या सुट्या करून पुन्हा जोडणाऱ्याला हे लगेच पटतं. बॉनेटखाली मी आजवर जे जे पाहिलं, त्यातल्या एकाही भागाचं नाव 'गाडी' नव्हतं.

सरकारने २०२१ मध्ये स्वतःचं उत्तर नियमात लिहिलं. पन्नास वर्षांहून जुनी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार न केलेली गाडी ती विंटेज. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीला २०,००० रुपये पडतात. रेघ कुठेतरी ओढावीच लागते, हे मला मान्य आहे. खुपते ती पुढची अट: ही गाडी नेहमीच्या वापरात आणायची नाही, प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच बाहेर काढायची. वर्षभर उभ्या राहिलेल्या गाडीचा कार्बोरेटर उघडून बघा. फ्लोटच्या वाटीत पेट्रोलचा तपकिरी चिकटा धरलेला असतो, नखाने खरवडला तरी निघत नाही. जेटचं भोक बुजलेलं असतं, रबरी सील बोटाने दाबलं की तुकडा पडतो. पत्रा, काच, रंग मात्र शाबूत. उभं राहून गाडी आतून जाते.

इथे मला नागसेनापेक्षा व्यास जवळचे वाटतात. शल्यपर्वात युद्ध संपल्यावर कृष्ण अर्जुनाला आधी उतरायला सांगतो, गांडीव आणि भाते घेऊन. मग स्वतः उतरतो, आणि उभ्या उभ्या रथ पेट घेऊन राख होतो. द्रोण-कर्णाच्या अस्त्रांनी तो केव्हाच जळाला होता. मी बसलो होतो म्हणून टिकला, असं कृष्ण सांगतो. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकताना मला घोड्यांचं वाईट वाटायचं. आता वाटतं, वस्तूच्या असण्याबद्दल याहून खरं कोणी बोललेलं नाही. रथाचे भाग मोजून रथ सापडत नाही, हे बरोबरच. पण धरून ठेवणारा कोणीतरी त्यात बसलेला असतो. गुरुजींची गाडी ढिगात नव्हती. ती चालवत घरी नेणाऱ्या गुरुजींपाशी होती.

आमच्या कोल्हापुरात याचा पुरावा दरवर्षी रस्त्यावर येतो. राजाराम महाराजांची १९३० च्या दशकातली मेबॅक दसऱ्याला बाहेर निघते, छत्रपती तिच्यातून सीमोल्लंघनाला दसरा चौकात येतात. तिची बाजारातली किंमत गर्दीत कोणी विचारत नाही. ती आली की दसरा झाला.

आता आजच्या गाड्या. मध्यंतरी एक गाडी आली, पत्र्याला गंजाचा ठिपका नाही, इंजिन ठणठणीत. फक्त ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, गेला होता. कंपनी देशातून निघून गेलेली. भंगारातून मिळवलेला ईसीएम किल्लीचा कोड ओळखेना, आणि तो जुळवायची परवानगी ज्या सर्व्हरकडून यायची तो बंद. महिनाभर झटलो. शेवटी ती तोडायला गेली. त्या गाडीत धरून बसलेला दूर कुठेतरी होता आणि तो उतरला होता. ज्या गाडीचा जीव असा परक्याच्या हाती आहे, ती कितीही देखणी असो, मी कोणाला ठेवायला सांगणार नाही.

चाकणला बनलेल्या आणि २०२२ मध्ये थांबलेल्या पोलोवर तरुण पोरांचा जीव आहे, तेव्हा ती टिकेल. जिप्सी टिकेल, मारुती ८०० तर नक्कीच. विजेवर चालणाऱ्यांत मला २००१ ची बंगळुरूची रेवा महत्त्वाची वाटते, तिच्यात अजून माणसाला हात घालता येतो.

पण त्या मुलाला मी नॅनो सांगितली, सुरुवातीच्या काळातली. २००९ मध्ये आली, लाखाची गाडी म्हणून लोकांनी तिला हलकं लेखलं, २०१८ मध्ये बनायची थांबली. चाकाला तीनच नट. वायपर एक. पेट्रोलचं झाकण पुढच्या बॉनेटखाली, ६२४ सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन मागच्या सीटमागे. स्कूटरवर चौघांनी पावसात भिजत जाऊ नये, या विचारातून ती जन्मली. एखाद्या यंत्राच्या पोटी इतकी साधी माया असावी, याचं मोल पुढच्या लोकांना कळेल असा माझा विश्वास आहे.

त्याने २०११ ची एक घेतली. मी एकच अट घातली आहे: दर रविवारी रंकाळ्याला एक फेरी. त्याला कोल्हापूरला यायला जमत नाही त्या रविवारी ती फेरी त्याची आई मारते.