माप घेण्याआधी

डोंबिवली पूर्वेला, फडके रोडच्या मागच्या गल्लीत, एका मावशींचं शिवणाचं दुकान आहे. पूर्वी त्या ब्लाउज, परकर आणि फॉल-पिको एवढंच करत. १९९९ साली डोंबिवलीत पाडव्याची शोभायात्रा सुरू झाली, पुढे ठाण्या-कल्याणात आणि इतर शहरांतही तशा यात्रा निघू लागल्या, आणि नऊवारीला नवे दिवस आले. नऊ वार चापूनचोपून नेसवणारे हात घराघरातून कमी होत होते, आणि मुलींना तर फेटा बांधून बुलेटवर बसायचं होतं. मग काष्टा, निऱ्या, ओचा सगळं आधीच शिवून ठेवलेली, नुसती चढवायची नऊवारी आली. मावशींचा हात तिच्यावर पक्का बसला. कापड उल्हासनगरच्या गजानन मार्केटमधून, मापं एका जाड वहीत, आणि गिऱ्हाईक तोंडोतोंडी.

वेबसाइट काढून दिली ती ठाण्याच्या भाच्याने. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत कामाला असलेला, हुशार, मावशीवर जीव असलेला मुलगा. साइट उभी राहिल्यावर त्याने गुगल ॲनालिटिक्स बसवलं, कारण ते फुकट आणि सगळे तेच वापरतात. मग जाहिरातींसाठी मेटाचं पिक्सेल. मग मित्राने सांगितलं म्हणून, लोकांचं बोट पानावर कुठे कुठे पडतं ते रंगांत दाखवणारं एक टूल, दरमहा पैसे घेणारं. मग आणखी एक. प्रत्येकाचा कोड पानात शिरला आणि पान जड झालं. ऑफिसच्या वायफायवर ते झटकन उघडे. संध्याकाळच्या कल्याण लोकलमध्ये एका हाताने दांडी धरून फोन बघणाऱ्या बाईसमोर मात्र नुसता पांढरा पडदा राही. आणि हे कुठल्याच आकड्यात दिसत नव्हतं, कारण मोजणारा कोड जागा होण्याआधीच ती बाई पान बंद करून गेलेली असे.

भाचा रोज रात्री फोन करून सांगे, "मावशी, आज इतके आले." मावशी म्हणत, "बरं." ऑर्डरी मात्र होत्या तेवढ्याच.

एप्रिल २०२५च्या पहिल्या आठवड्यात तो घाबराघुबरा होऊन दुकानात आला. गेल्या वर्षी याच तारखांना जितके लोक आले होते, त्याच्या निम्मेही यंदा नव्हते. "जाहिरातीत पैसे घालू या, मावशी. साइट पडतेय." मावशींनी मशीनवरचा पाय काढला आणि विचारलं, "अरे, गेल्या वर्षी पाडवा कधी होता?"

भिंतीवर यंदाच्या कालनिर्णयच्या मागे त्याच खिळ्याला गेल्या वर्षीचं कालनिर्णय अजून लटकत होतं. भाच्याने पान उलटलं. २०२४चा पाडवा ९ एप्रिलला होता, यंदाचा ३० मार्चला होऊन गेला. म्हणजे गेल्या वर्षीचा तो आठवडा पाडव्याच्या तोंडावरचा, आणि हा पाडवा उलटल्यानंतरचा. टूल तारखेसमोर तारीख ठेवत होतं आणि मावशींचा धंदा तिथीवर चालत होता. त्याने पाडव्याआधीचे तीन आठवडे दोन्ही वर्षांचे काढून समोरासमोर ठेवले, तेव्हा घसरण नव्हतीच.

जाहिरातीचे पैसे वाचले. पण मावशींनी तेवढ्यावर सोडलं नाही. "मला एक सांग, हे सगळं तू मोजतोयस कशासाठी?"

"ट्रॅफिक वाढायला."

"आणि वाढून?"

त्याला पटकन सांगता येईना. मावशी म्हणाल्या, "माझ्याकडे बाई आली की गळ्यातली टेप काढायच्या आधी मी विचारते, काय शिवायचंय? ब्लाउज असेल तर छाती, बाही, गळा. नऊवारी असेल तर कंबर, सीट, उंची. न विचारता सगळीच मापं घेत बसले तर वही भरेल, पण कापडाला कात्री कुठे लावायची ते कळणार नाही."

मग त्यांनी मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्याला तीन प्रश्न लिहायला लावले. बायका काय शोधत येतात? ऑर्डर देता देता कुठे अडतात? आणि ज्या ऑर्डर देतात, त्यांना आपलं नाव सांगितलं कुणी? मला इथे मावशींचं फार कौतुक वाटतं. टूल विकणारे शंभर सोयी दाखवतात, तेव्हा माणूस सोयींची तुलना करू लागतो आणि आपला प्रश्न विसरतो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर इतके दिवस बघितलेल्या आलेखांत नव्हतंच. ते होतं गुगलच्याच सर्च कन्सोलमध्ये. तेही फुकट, आणि पानावर त्याचं ओझं पडत नाही. लोकांनी गुगलवर कोणते शब्द टाकले तेव्हा आपली साइट दिसली आणि किती जणांनी ती उघडली, हे त्यात १६ महिने मागेपर्यंत पाहता येतं. अधिक महिना आला तरी एका पाडव्यापासून दुसऱ्या पाडव्यापर्यंतचा काळ त्यात मावतो. साइटवर पेशवाई, ब्राह्मणी, मस्तानी अशी प्रकारांची नावं होती. शोधणाऱ्या बायका लिहीत होत्या, "लहान मुलीची शिवलेली नऊवारी". आणि त्याखाली, "आईच्या जुन्या साडीची नऊवारी शिवून मिळेल का". मावशींना हे वाचून वाईट वाटलं. आईची, आजीची साडी पिशवीत घालून दुकानात येणाऱ्या कितीतरी बायकांना त्यांनी नऊवारी शिवून दिली होती. साइटवर त्याचा एक शब्दही नव्हता. त्या आठवड्यात दोन नवी पानं झाली.

दुसऱ्या प्रश्नासाठी भाच्याने पैसे घेणारी टूलं काढली आणि मायक्रोसॉफ्टचं क्लॅरिटी सुचवलं. त्याला पैसे पडत नाहीत, आणि पानावर लोक कसे फिरले त्याची नोंद पुन्हा चालवून बघता येते. मावशी एकदम म्हणाल्या, "बाई माप भरतेय आणि आपण बघत बसायचं? दुसरं गिऱ्हाईक आत आलं की मी वही मिटते, ठाऊक आहे ना?" भाच्याने समजावलं की रकान्यात टाइप केलेलं क्लॅरिटी आधीच झाकून टाकतं, माप दिसत नाही, फक्त कुठे थांबल्या ते दिसतं. तरी मावशींनी अटी घातल्या. पानावर ठळक सांगायचं, जी नको म्हणेल तिला वगळायचं, आणि पंधरवड्यानंतर काढून टाकायचं. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीचा आग्रह धरला आहे. मावशींनी तो कायदा वाचलेला नाही, पण परक्या बाईच्या मापाची अब्रू राखण्यात त्यांचं आयुष्य गेलं आहे.

पंधरवड्यात दिसलं ते असं. बायका मापाच्या पानापर्यंत नीट येत. तिथे "सीट" या शब्दाशेजारच्या छोट्या चित्रावर पुन्हा पुन्हा बोट दाबत, चित्र मोठं होत नसे, आणि त्या निघून जात. "उंची" म्हणजे डोक्यापासून की कंबरेपासून, तेही कुठे लिहिलं नव्हतं. मावशींनी शेजारच्या मुलीला उभं करून, टेप कुठून कुठे धरायची हे दाखवणारा छोटा व्हिडिओ काढला. खाली एक ओळ घातली: टेप नसेल तर तुम्हाला नीट बसणारी सलवार जमिनीवर पसरून मोजा. क्लॅरिटी ठरल्या दिवशी निघालं.

तिसऱ्या प्रश्नाने भाच्याचा एक जुना समज मोडला. ॲनालिटिक्स बहुतेक लोकांना "डायरेक्ट" म्हणत होतं, म्हणून त्याला वाटे की लोकांना साइटचा पत्ता पाठ झालाय. पण व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेल्या लिंकवरून येणारा माणूस कुठून आला याची खूण पुष्कळदा उरतच नाही, आणि तो याच "डायरेक्ट"मध्ये पडतो. मग त्याने इन्स्टाग्रामची लिंक वेगळी केली, कार्डावरची वेगळी, पार्सलमधल्या चिठ्ठीवरची वेगळी, प्रत्येकीच्या शेपटाला यूटीएमची खूण लावून. (गुगलने २००५ साली अर्चिन नावाची कंपनी घेतली, त्याच वर्षी तिच्यातून ॲनालिटिक्स बाहेर आलं. यूटीएममधला यू त्या अर्चिनचा.) महिन्याभरात दिसलं की ऑर्डर देणाऱ्या बायका सर्वात जास्त येतात त्या पार्सलच्या चिठ्ठीवरून. जिला नऊवारी पोचली, ती चिठ्ठीवरची लिंक मैत्रिणींना आणि परदेशातल्या महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकत होती. इन्स्टाग्रामवरून गर्दी यायची, बघायची आणि जायची. जाहिरातीसाठी ठेवलेल्या पैशातून मावशींनी चांगल्या जाड कागदावर चिठ्ठ्या छापून घेतल्या.

शेवटी ॲनालिटिक्स ठेवायचं की नाही, हा प्रश्न राहिला. भाच्याने पर्याय म्हणून माटोमो पाहिलं. ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवता येतं आणि आकडे आपल्याकडेच राहतात, पण त्याची देखभाल कुणीतरी करावी लागते. प्लॉझिबल पाहिलं. कोड हलका, कुकी नाही, पण दरमहा पैसे. मावशींच्या दुकानाला यातलं काहीच तातडीचं नव्हतं. गुगलचंच ठेवलं, पिक्सेल काढलं, आणि ॲनालिटिक्समध्ये एकच गोष्ट महत्त्वाची म्हणून नोंदवली: "व्हॉट्सॲपवर ऑर्डर द्या" हे बटण कुणी दाबलं. तपशील दोन महिन्यांत पुसला जाण्याची मूळची सेटिंग बदलून १४ महिन्यांवर नेली. तरीही दर महिनाअखेरीचे आकडे मावशी वहीत उतरवतात. गुगलने जुनं ॲनालिटिक्स १ जुलै २०२३ला बंद केलं आणि पुढच्या वर्षी त्यातले आकडेही बघता येईनासे झाले, हे भाच्याने सांगितल्यापासून त्यांनी यात खंड पडू दिलेला नाही.

त्या वर्षी गणपतीच्या आधी साइटवर येणाऱ्यांची संख्या फारशी वाढली नव्हती. मापाच्या पानावरून परत फिरणाऱ्या मात्र कमी झाल्या होत्या, आणि लहान मुलींच्या नऊवारीसाठी मावशींना दुसरी मशीन घ्यावी लागली.

ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या मावशींच्या एका मैत्रिणीने हे ऐकलं. त्या नथी आणि ठुशी ऑनलाइन विकतात. त्यांनी भाच्याला बोलावून विचारलं, "मी कोणतं टूल घेऊ रे?"

"काकू, आधी सांगा, तुमचं अडतंय कुठे?"

"नथ घरी पोचली की वाटलं होतं त्यापेक्षा मोठी निघते म्हणतात, आणि परत पाठवतात."

भाच्याने लॅपटॉप बॅगेतून बाहेर काढलाच नाही. प्रत्येक नथीशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायला सांगितलं, आणि पुढचे दोन महिने किती नथी परत येतात ते एका वहीत लिहून ठेवायला.