पिशवीतली फीत

गेल्या दिवाळीत भाचा घरी आला होता. फराळ झाल्यावर त्याने फोनवर एक ध्वनिमुद्रण लावले. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात ८ मे १९७७ रोजी ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक वाद्यवृंदाची मैफल झाली होती, तिचे. मला त्या संगीतातले ओ की ठो कळत नाही. पण मधूनच श्रोत्यांचा गलका ऐकू आला आणि मी सावरून बसलो.

या मंडळींची रीत न्यारी. मैफलीत टेपरेकॉर्डर आणणाऱ्यांसाठी १९८४ पासून त्यांनी बसायला वेगळी जागाच ठेवली. फिती आपसांत वाटाव्या, विकू मात्र नयेत. आज ‘इंटरनेट अर्काइव्ह’ या संग्रहात अशी हजारो मुद्रणे कोणालाही फुकट ऐकता येतात. २००५ च्या नोव्हेंबरात मंडळींच्या सांगण्यावरून ती उतरवून घेण्याची सोय बंद झाली. रसिक खवळले. थोड्याच दिवसांत श्रोत्यांनी केलेली मुद्रणे पुन्हा मोकळी झाली. ध्वनियंत्रणेवरून थेट घेतलेली नुसती ऐकण्यापुरती राहिली.

“एकदा वाटलेला प्रसाद परत मागतात का?” मी म्हणालो.

“मग मामा, तुझी ती फीत?”

तिथे मी अडलो. १९७९ साली एका घरगुती मैफलीत बाईंनी गाण्यापूर्वीच बजावले होते, की ध्वनिमुद्रण करायचे नाही. मी टेपरेकॉर्डर पिशवीत कोथिंबिरीच्या जुडीखाली दडवला. त्या दिवशी बाईंचा आवाज बसला होता. तार षड्ज लागता लागता निसटला, आणि त्या स्वतःशीच हसल्या. बाई आता नाहीत. ते हसू मात्र माझ्या कपाटात आहे.

भाचा म्हणतो, फितीला बुरशी लागली म्हणजे तू राखलेस काय? त्याचे खोटे नाही. कॉर्नेलची ती मैफल बेटी कॅन्टर-जॅक्सन यांनी मुद्रित केली होती. गोदामाचे भाडे थकल्यामुळे १९८६ साली त्यांच्या फिती लिलावात परक्यांच्या हाती गेल्या. पुढे हीच मैफल लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०११ च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत घेतली. भल्याबुऱ्या वाटेने का होईना, ती वाचली.

पण त्या मंडळींनी दार उघडे ठेवले होते. बाईंनी लावून घेतले होते, आणि मी खिडकीतून शिरलो होतो. आता परवानगी मागायची कोणाकडे? मुलाकडे? आईच्या हसण्यावर मुलाचा तरी हक्क कितपत?

तूर्त फितीची एक प्रत करून ठेवायची, बाहेर द्यायची नाही, एवढे ठरले आहे. बाईंच्या मुलाला पत्रही लिहायला घेतले आहे. ‘आपल्या मातोश्रींच्या गाण्याला मी हजर होतो’ इथवर झाले. पिशवीची हकीकत पुढच्या ओळीत यायची आहे.