पंगतीला बसता येईपर्यंत

गुदाशयाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया पार पडते, किमो संपते, स्कॅन स्वच्छ येतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडसारख्या गावात मग पाहुण्यारावळ्यांची रीघ लागते. कुणी शहाळी आणतं, कुणी सफरचंदं, कुणी घरच्या म्हशीचं तूप. ‘आता दाबून खावा, गेलेली ताकद भरून काढा,’ हा सगळ्यांचा एकच सल्ला. ज्याला तो दिला जातो तो माणूस मान डोलावतो आणि ताटातली अर्धी भाकरी परत ठेवतो. खाण्याची त्याला भीती वाटते. घरच्यांना ती मनाची कमजोरी वाटते, डॉक्टरांच्या फायलीत तिची नोंद नसते. माझं म्हणणं असं की ही भीती पूर्णपणे सकारण आहे. पथ्याच्या याद्यांनी ती वाढते. तिच्यावर उतारा शोधणं हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो आपण घरातल्या बायकांवर सोपवून मोकळे झालो आहोत.

आधी शरीरात काय होतं ते पाहू. गुदाशय हा जेमतेम बारा ते पंधरा सेंटिमीटरांचा भाग. मल साठवायचा, आत वायू आहे की पातळ की घट्ट हे ओळखायचं आणि सोयीची वेळ येईपर्यंत थोपवून धरायचं, एवढं त्याचं काम. कॅन्सरमुळे तो भाग काढला, वरचं आतडं खाली ओढून जोडलं, की जाण्याची वाट शाबूत राहते, पण साठवण जाते. त्यात रेडिएशन झालं असेल तर आसपासचे स्नायू आणि आतडं ताठर झालेलं असतं. आता यात जेवण आणा. अन्न पोटात पडलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो, ही निसर्गाचीच रीत आहे. सकाळचा चहा घेतला की अनेकांना परसाकडं लागते ती यामुळेच. धडधाकट माणूस तो इशारा अर्धा तास टाळू शकतो. या माणसाला तो टाळता येत नाही. दोन घास खाल्ले की उठायचं, जाऊन आलं की पंधरा मिनिटांत परत, असं तीन-चार वेळा. एखाद्या दिवशी काहीच नाही, आणि दुसऱ्या रात्री झोपमोड. मग तो हिशोब मांडतो: खाल्लं तर जावं लागतं, तर खायचंच कशाला?

वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘लो अँटीरिअर रिसेक्शन सिंड्रोम’, थोडक्यात ‘लार्स’ म्हणतात. डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१२ मध्ये ती मोजण्यासाठी पाच प्रश्नांची मोजपट्टी केली. वायू रोखता येतो का, पातळ शौच नकळत होते का, दिवसातून किती वेळा जावं लागतं, तासाभरात पुन्हा जावं लागतं का, घाईनं धावावं लागतं का. शून्य ते ४२ गुणांच्या या पट्टीवर ३० किंवा त्याहून जास्त आले तर त्रास मोठा. निरनिराळ्या देशांतले अभ्यास एकत्र केले तेव्हा असा मोठा त्रास असलेल्यांचं प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास निघालं. पट्टी उपयोगाची आहे, पण तिच्यातला एकही प्रश्न जेवणाबद्दल नाही. रुग्ण मात्र पहिला बदल ताटातच करतो. जो सकाळपासून उपाशी राहिला त्याला धावावं लागलं नाही, म्हणून त्याचे गुण कमी येतात. कागदावर तो बरा दिसतो.

जेवणाचा प्रश्न असा मागे का पडला याचं उत्तर या शस्त्रक्रियेच्या इतिहासात आहे. १९०८ मध्ये लंडनच्या अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशय गुदद्वारासकट काढून पोटावर कायमचा मार्ग करण्याची पद्धत मांडली, आणि कित्येक दशकं तोच राजमार्ग राहिला. १९८२ मध्ये इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी गुदाशय भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट नेमक्या थरातून काढण्याचं तंत्र मांडलं. कॅन्सर त्याच जागी परत येण्याचं प्रमाण त्यानं घटलं. जोडीला टाके घालणारी यंत्रं आली आणि खूप खालच्या गाठीतही आतडं जोडणं जमू लागलं. पोटावर मलाची पिशवी कायमची लावावी लागली नाही, म्हणजेच ‘पिशवी टळली’, हे यशाचं माप ठरलं. रुग्णालाही तेच हवं असतं, त्यात गैर काहीच नाही. पण कायमची पिशवी असलेल्यांचं जगणं पिशवी टळलेल्यांपेक्षा वाईटच असतं, असं तुलनात्मक अभ्यासांतून ठामपणे निघालेलं नाही. पोटावर पिशवी असलेला माणूस लग्नाच्या जेवणात निवांत बसलेला असतो आणि ती टळलेला मांडवाबाहेर जागा शोधत असतो, हे घडतं. ऑपरेशनच्या आधी ही दुसरी बाजू त्याला कुणी सांगितलेली नसते.

जेवणाचा सल्ला अवघड होण्याचं आणखी एक कारण आहे. उपचाराच्या प्रत्येक टप्प्यावर पोटाची मागणी बदलते. किमोत ऑक्सॅलिप्लॅटिन असेल तर माठातल्या गार पाण्याच्या घोटानंही घशात आणि बोटांत मुंग्या येतात, तेव्हा पाणी कोमट हवं. तोंड आलेलं असतं, कांदा-लसूण चटणीचा एक कण जिभेला लागला तरी डोळ्यांत पाणी येतं. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना न तापवलेलं दूध जोखमीचं. धारोष्ण दुधाच्या कौतुकात वाढलेल्या जिल्ह्यात हे पटवणं सोपं नाही. रेडिएशनच्या काळात अनेकांना दूधच पचत नाही, दही-ताक मात्र चालतं, आणि हा बिघाड बहुधा तात्पुरता असतो.

मग येते तात्पुरती पिशवी. खालचा जोड भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं असतं. या काळात मोठं आतडं कामातून बाजूला झालेलं असतं, त्यामुळे त्याच्या वाट्याचं पाणी आणि मीठ शोषलं जात नाही. काल रश्श्यावर भुरभुरलेली कोथिंबीर आज पिशवीत जशीच्या तशी दिसते, आणि घरची माणसं घाबरतात. ‘अंगाला काही लागतच नाही,’ असं त्यांना वाटतं. खरं तर कोथिंबीर कुणालाच पूर्ण पचत नाही, एरवी ती कुणी बघत नाही इतकंच. धोका असतो तो अख्ख्या शेंगदाण्यांचा, कच्च्या खोबऱ्याचा, मक्याच्या कणसाचा. नीट न चावता गिळले तर ते त्या अरुंद तोंडाशी अडकून आतडं तुंबतं. दुसरा धोका पाण्याचा. पिशवीतून पातळ वाहत असताना नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर शरीरातलं मीठ त्याबरोबर आणखी वाहून जातं. अशा वेळी हवं ओआरएस. दिलीप महालनाबीस यांनी १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याच्या रुग्णांना मीठ-साखरेचं पाणी तोंडावाटे देऊन मृत्यूचं प्रमाण कसं खाली आणलं, हे आपल्याच देशातलं उदाहरण आहे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण लहान पोरांसाठी आपण पाठ केलं. पिशवी घेऊन घरी जाणाऱ्या मोठ्या माणसाला ते कागदावर लिहून द्यायला काय हरकत आहे? लघवी कमी झाली, चक्कर येऊ लागली, तर मात्र घरगुती उपायात वेळ न घालवता दवाखाना गाठावा.

पिशवी काढून आतडं पुन्हा जोडलं की तिसरा टप्पा सुरू होतो आणि सगळी गणितं पुन्हा बदलतात. आता मऊ भात, केळं, उकडलेला बटाटा, साबुदाणा, दही यांनी मल बांधून येतो. तिखट, तळलेलं, कडक चहा, कच्ची कोशिंबीर यांनी घाई वाढते. कोंड्यासकटची भाकरी आणि पालेभाजी ज्याला आयुष्यभर ‘पोट साफ राहतं’ म्हणून खाऊ घातली, त्यालाच ती काही महिने जपून खावी लागते. कॅन्सर टाळण्यासाठी चोथा भरपूर खा, हा सल्ला खरा आहे. पण तो निरोगी माणसासाठी आहे. पिशवी असताना किंवा आतडं नुकतंच जोडलेलं असताना तो आंधळेपणानं पाळला तर त्रास वाढतो.

इथे आपलं पथ्य आडवं येतं. वर्ज्य पदार्थांची यादी हातात पडली की आपल्याला उपचार झाल्यासारखं वाटतं. वैद्यानं, शेजाऱ्यानं, मोबाइलवरच्या व्हिडिओनं प्रत्येकानं तीत भर घालायची. साखर कॅन्सरला पोसते म्हणून साखर बंद, गूळ बंद. ऊस हेच ज्यांचं पीक, बिद्री आणि हमीदवाड्याच्या कारखान्यांवर ज्यांचं वर्षाचं गणित चालतं, अशा घरात भावजय लेकराच्या वाढदिवसाचा शिरासुद्धा लपवून ठेवते. शरीरातली प्रत्येकच पेशी साखर वापरते, आणि जेवणातली साखर तोडल्यानं गाठ उपाशी मरते याला आधार नाही. मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी. मटणाचं तसंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरकारक आणि लाल मांस बहुधा कॅन्सरकारक या वर्गात टाकलं. यावरून तांबडा रस्सा रोज ओरपू नये हे कळतं. पण दहा किलो वजन उतरलेल्या माणसाला अंडं, मासा, पांढऱ्या रश्श्यातला मऊ शिजलेला एखादा तुकडाही नाकारायचा, असा त्याचा अर्थ होत नाही. अशा याद्यांनी शेवटी ताटात उरते मुगाच्या डाळीचं पाणी, आणि अंगावरचं उरलंसुरलं मांस झडत जातं.

यादीऐवजी हवा असतो क्रमानं केलेला तपास. थोडं थोडं, पण वेळेवर खायचं. नवा पदार्थ एका वेळी एकच, तोही घरी असताना. काय खाल्लं आणि नंतर काय झालं हे वहीत दोन ओळींत टिपायचं. एकदा बाधलं म्हणून पदार्थ कायमचा बाद करायचा नाही, महिन्याभरानं पुन्हा चाखून बघायचा, कारण पहिल्या वर्ष-दीड वर्षात आतडं बरंच सावरतं. इसबगोल कमी पाण्यात घेतला तर पातळ मल बांधतो, डॉक्टरांनी सांगितलेली लोपेरामाइडची गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी घेतली तर ती घाई आवरते, आणि ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट असतात. एवढी साधी माहितीही पुष्कळांना शोधत फिरावी लागते.

तरीही वहीनं सगळे प्रश्न सुटत नाहीत, कारण निम्मा प्रश्न घराबाहेर आहे. तपासणीसाठी मुरगूडहून कोल्हापूरला निघालेला माणूस आदल्या रात्रीपासून जेवत नाही. एसटी मधे थांबवता येत नाही आणि थांबली तरी स्टँडवरच्या संडासात पाणी असेल याची हमी नसते. आदमापूरला संत बाळूमामांच्या देवस्थानी अमावस्येला जायचं आणि महाप्रसाद हातात घेऊन ‘मागनं खातो’ म्हणायचं. पंगतीत ‘घ्या की ओ पावणं, काय बी होत न्हाई’ म्हणत वाढणारा आग्रह करतो तो मायेनंच, पण ज्याच्या पानात पडतं त्याला पुढचा तासभर कुठे जायचं हे कळत नाही. बायकांचं तर विचारूच नका. भांगलणीला रानात गेलेल्या बाईनं दिवसभर काय करायचं? ती सरळ खाणं सोडते, आणि ‘उपास आहे’ म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. अशा माणसाला हिंमत देणारी भाषणं निरुपयोगी आहेत. त्याला स्वच्छ, पाणी असलेला, जवळचा संडास द्या, तो आपणहून जेवेल. सार्वजनिक संडासाचा प्रश्न आपण गावाच्या शोभेत आणि स्वच्छतेच्या स्पर्धेतल्या गुणांत मोजतो. तो आहाराचाही प्रश्न आहे, हे नगरपालिकेच्या सभेत कुणी बोललेलं मी ऐकलं नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. जिथे वेळेवर निदान होत नाही, रक्त पडलं की मूळव्याध समजून वर्ष-वर्ष मलमं लावली जातात, तिथे आधी जीव वाचवायचा की जेवणाचं बघायचं? एका सर्जनच्या ओपीडीला शंभर माणसं बसलेली असताना त्यानं कोथिंबिरीवर बोलावं का? त्यानं बोलायची गरज नाही, हेच उत्तर आहे. राज्यात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतीराव फुले यांच्या नावानं चालू राहिलेली जन आरोग्य योजना शस्त्रक्रियेचा, किमोचा, रेडिएशनचा खर्च उचलते. गरिबाच्या घरातला जीव तिनं वाचवला, हे मोठंच काम. पण पॅकेज ठरतं ते मुख्यतः प्रक्रियेवरून. आहारतज्ज्ञाबरोबरचा अर्धा तास, पिशवीची निगा शिकवणारी प्रशिक्षित नर्स, घरी गेल्यावर महिनाभरानं आलेला एक फोन, यांचा खर्च त्या ऑपरेशनपुढे नगण्य आहे. आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते, क्षयाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवते. एका पानाचं प्रशिक्षण दिलं तर ती याही घरात शिरून ‘पाणी कसलं पिता?’ एवढं विचारू शकते.

आणि जीव वाचवणं व जेवणं या वेगळ्या गोष्टी आहेतच कुठे? वजन घटत गेलेल्याची किमो पुढे ढकलावी लागते. पिशवीतून पाणी जाऊन मूत्रपिंडावर ताण आलेला माणूस पुन्हा भरती होतो, आणि तो खर्च याच योजनेच्या तिजोरीतून जातो. जेवणाकडे केलेलं दुर्लक्ष फुकट पडत नाही.

म्हणून फेरतपासणीच्या कागदावर स्कॅन आणि रक्ताच्या आकड्यांच्या वर तीन ओळी छापाव्यात. गेल्या महिन्यात वजन किती होतं, आज किती आहे? रोजच्या खाण्यातून काय काय बंद केलंत, आणि कुणाच्या सांगण्यावरून? आज इथे यायला निघताना जेवून निघालात का? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर स्कॅन कितीही स्वच्छ असो, त्या माणसाचा उपचार अजून संपलेला नाही.