विवेक कीं भीति?

‘मी प्राण दिल्यानें जगांतील दुष्टावा कितीसा कमी होणार?’ हा प्रश्न विवेक विचारतो, तसाच तो भीतीही विचारते. आणि दोघींचे शब्द इतके सारखे असतात कीं, बोलणारी कोण हें खुद्द बोलणाऱ्यासही कळत नाहीं. जॉन ह्यूस्टन ह्यांच्या ‘की लार्गो’ (१९४८) ह्या अमेरिकन बोलपटांत ह्याच प्रश्नाची कसोटी लागलेली आहे.

फ्लॉरिडांतील एका बेटावरचें हॉटेल. त्याच्या पंगु मालकाचा मुलगा इटलींत युद्धांत पडलेला. त्याचा पलटणींतील अधिकारी मॅक्लाउड पित्यास व विधवेस भेटावयास येतो, तों रोको नांवाचा हद्दपार गुंड आपल्या टोळीसह सर्वांना ओलीस धरतो. बाहेर वादळ. रोको मॅक्लाउडच्या हातीं पिस्तूल देऊन त्यास आव्हान देतो. एका रोकोसाठीं मरण्यांत अर्थ नाहीं, असें म्हणून तो तें टाकून देतो. कैदेंतला एक पोलीस अंमलदार तें उचलतो आणि मारला जातो. पिस्तूल रिकामें होतें!

तेव्हां मॅक्लाउडचेंच बरोबर, असें हिशेबी मनुष्य म्हणेल. परंतु मागाहून उघडकीस आलेल्या गोष्टीनें आधींच्या हेतूची शुद्धाशुद्धता ठरत नसते.

ती ठरते पुढच्या एका लहानशा प्रसंगानें. रोकोची जुनी रखेली मद्याच्या आहारीं गेलेली आहे. गाणें म्हटल्यास पेला देईन, असें सांगून तो तिला सर्वांदेखत गावयास लावतो, आणि मग नाकारतो. मॅक्लाउड मुकाट्यानें पेला भरून तिच्या हातीं देतो व रोकोच्या थपडा सोसतो. मद्यप्यास मद्य देणें हें सत्कृत्य कसें, असें कोणी विचारील. पण तेथें प्रश्न मद्याचा नव्हता. एका असहाय स्त्रीच्या विटंबनेचा होता.

पिस्तुलाचा हिशेब करणाऱ्यानें पेल्याचा हिशेब केला नाहीं. विवेक एखादी लढाई नाकारील, पण डोळ्यांदेखत चाललेल्या मानहानीस संमति देणार नाहीं. भीति मात्र दोहोंकडेही पाठ फिरविते. पुढें मॅक्लाउड रोकोशीं खरोखरच लढतो, तें त्याच स्त्रीनें चोरून दिलेल्या पिस्तुलानें.

आपल्यापैकीं फारच थोड्यांच्या हातीं कोणी पिस्तूल देईल. पेला मात्र घरांत, कचेरींत, नित्य समोर असतो. आणि आपल्या शहाणपणाचें खरें नांव काय, तें तेथेंच कळतें.