वायूवर कर, साखरेला सूट

बिदर आणि कलबुर्गी जिल्ह्यांच्या मराठी पट्ट्यात, म्हणजे औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांत, गोड पेय पूर्वी प्रसंगापुरते असे. कैरीच्या दिवसांत पन्हे, लग्नात किंवा उरुसात सरबत. एरवी पाहुण्याला चहा आणि मुलांना ताक. बाटलीतले थंड पेय १९७७ मध्ये कोका-कोला देशाबाहेर गेल्यावरही थम्स अपच्या रूपाने मिळत होते, पण मुख्यतः शहरात आणि ऐपत असणाऱ्याला. कोका-कोला १९९३ मध्ये परतली आणि २००३ मध्ये तिने २०० मिलिलिटरची बाटली पाच रुपयांना विकायला काढली. खेड्यातल्या किराणा दुकानात शीतपेटी आली ती या स्वस्ताईच्या मागोमाग.

किमतीपेक्षा पाहुणचाराने मात्र जास्त काम केले. लहान मुलाला चहा द्यायचा नाही, हा घरोघरचा नियम. त्यामुळे मोठ्यांच्या चहाबरोबर मुलासाठी ‘थंडा’ मागवणे ही रीत झाली. मामाने आणलेली बाटली परत करणे म्हणजे मामाचाच अपमान. होळीनंतर कलबुर्गीत संत शरणबसवेश्वरांच्या जत्रेचा रथ निघतो तेव्हा ऊन तापू लागलेले असते, मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो. तहान खरी असते आणि हाताशी बाटली असते. उसाचा रस हा पर्याय नव्हे. त्यात साखर कोल्यापेक्षा कमी नसते.

कोल्यात १०० मिलिलिटरमागे साधारण १०-११ ग्रॅम साखर असते, म्हणजे छोट्या बाटलीत सुमारे पाच चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली, तशीच मध-रसातली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, शक्यतो पाच टक्क्यांखाली ठेवायला सांगितले. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी पाच टक्के म्हणजे जेमतेम १७ ग्रॅम. पातळ साखरेने पोट भरल्यासारखे वाटत नाही, तरी जेवणाची वेळ झाली की भाकरी-वरणावरची वासना उडालेली असते. तोंडातले जिवाणू साखरेचे आम्ल करतात, पेयातले आम्ल त्यात भर घालते आणि दात किडतात. साखरेतले फ्रुक्टोज नेहमी जादा गेले तर त्याची यकृतात चरबी होते.

या भागात धोका दुहेरी आहे. कुपोषण जास्त म्हणून कर्नाटक सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये शाळेच्या जेवणात अंडी किंवा केळी देणे ज्या सात जिल्ह्यांत सुरू केले, त्यांत बिदर आणि कलबुर्गी होते. हडकुळे मूल साखरेपासून सुरक्षित, असा समज मात्र चुकीचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवले की वजनाने कमी भरणाऱ्या भारतीय बाळातही चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. असे शरीर पुढे मधुमेहाकडे लवकर झुकते.

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी शाळेत आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत जास्त साखरेच्या पदार्थांच्या विक्रीस बंदी आहे. लहान गावात तेवढ्या अंतरात अर्धी बाजारपेठ मावते, त्यामुळे ही बंदी पाळायला अवघड. करांची तऱ्हा आणखी विचित्र. सप्टेंबर २०२५ पासून वायुयुक्त पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, तर वायू नसलेल्या फळांच्या पेयांवरचा १२ वरून ५ टक्क्यांवर आला. आंब्याच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोड पाण्याला त्याचा थेट फायदा मिळतो. ब्रिटनने २०१८ मध्ये कर साखरेच्या प्रमाणावर बसवला: १०० मिलिलिटरला पाच ग्रॅमपासून एक दर, आठपासून दुसरा. तेव्हा अनेक कंपन्यांनी कर वाचवण्यासाठी पेयातली साखरच कमी केली.